गच्चीवरच्या हवेची वाटणी

मी, मेल्चोरा पिल्याका सुल्का, वय एकाहत्तर, कै. एलेउतेरिओ आयवार यांची विधवा, जन्माने आयाकुचोच्या डोंगरांतली, राहणार लोमा पेलादा वस्ती, शेवटच्या बस थांब्यापासून दम पुरेल तिथपर्यंत वर, लिमा, आज नोटरी साहेबांच्या कचेरीत बसून सांगते आणि लिहून घेतले जाते की, माझे डोके ठिकाणावर आहे, आठवण तर काही जणांच्या सोयीपेक्षा जास्तच शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, गोड बोलण्याने किंवा बिअर पिऊन करीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरायला सवड नव्हती.

धंदा: मजुरांतली एक.

या ओळीवरून वाद झाला, तोही नमूद व्हावा. कारकून अनिबाल याने आधी ‘गृहिणी’ असे लिहिले होते.

“आजी, तुमच्या वयाच्या बायकांपुढे गृहिणीच लिहितात,” तो म्हणाला.

“मग त्यांच्यापुढे लिही. माझ्यापुढे मजुरांतली एक असं लिही.”

“असा धंदा आमच्या यादीत नाही.”

“हे नाव माझ्या मुलानं ठेवलंय, बाबा. शिकलेला मुलगा आहे, चुकायचा नाही. पुढं येईल ते.”

त्याने लिहिले. मृत्युपत्रात टोमणे मारत नाहीत, असेही त्याने मला समजावून सांगितले. नोटरी साहेब जेवायला गेले आहेत. ते येईपर्यंत मारून घेते.

सदर मुलगा, अमिल्कार, खाली रस्त्यावर आपल्या गाडीत बसला आहे. त्यानेच मला इथे आणले. मी टेलिफोन कंपनीच्या कागदावर सही करायला आले आहे अशी त्याची समजूत आहे, आणि ती मी मोडलेली नाही. गाडीत गाणी लागतात, त्याचा वेळ बरा जाईल.

कलम १. मालमत्ता

लोमा पेलादा वस्तीतले माझे घर: तळमजला, वरचा मजला आणि गच्ची. पुढे पायऱ्या, मागे टेकडी, डाव्या हाताला कुत्री झोपतात ती रिकामी जागा, उजव्या हाताला शेजारी तेओदुलो याची भिंत. ही भिंत वीतभर माझ्या हद्दीत आहे. तेओदुलो म्हणतो, नाही. तो बांधकामाच्या सळया वळण्याचे काम करतो, त्यामुळे हद्दही हाताने वळवता येते असा त्याचा समज झाला असावा. या वितीचा निकाल कलम सहामध्ये लावला आहे.

या जागेवर आम्ही पहिल्यांदा चार खांब आणि बोरूच्या चटया उभ्या केल्या. वर डोंगरातल्या आमच्या गावात रात्री दारे ठोठावली जाऊ लागली आणि दार उघडणारी माणसे पुन्हा दिसेनाशी झाली, म्हणून आम्ही खाली लिमाला आलो. टेकडीवर तेव्हा वाळू होती आणि वारा होता. आता नळ आहे, सिमेंटच्या पायऱ्या आहेत, शाळा आहे, आणि सरकारचा माणूस निवडणुकीआधी येऊन हे सगळे त्याने दिले असे सांगतो. त्याला बहुधा कोणीतरी चुकीची टेकडी दाखवली असेल. आमच्या टेकडीवर जे आहे ते खालून वर वाहून आणलेले आहे.

घराच्या गच्चीतून खांबांच्या सळया माणसाइतक्या उंच वर आल्या आहेत. गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर मी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या आहेत. पुढचा मजला चढेल तेव्हा त्या सळया लागतील. आमच्याकडे घराच्या वरची हवासुद्धा नावावर असते. ती विकता येते, वाटता येते, आणि तिच्यावरून भावंडांना एकमेकांची तोंडे बघायचे बंद करता येते. तेव्हा ही हवादेखील मालमत्तेत धरावी.

कलम २. कायद्याने जे द्यावेच लागते ते

तळमजला मुलगी योवाना हिला. तिथे तिचे केस कापायचे दुकान आहेच. तिची बोटे केसांच्या रंगाने कायमची काळी झाली आहेत आणि ती तशाच हातांनी बँकेत, चर्चमध्ये आणि लग्नाला जाते.

वरचा मजला मुलगा अमिल्कार याला. तिथे तो बायकोसह राहतो. तो बँकेत नोकरीला आहे. हात दाखवावे इतके स्वच्छ आहेत, आणि तो दाखवतो.

असे मिळून तिनातले दोन वाटे पोरांचे, मग ती कशीही वागोत, असे अनिबालने मला कायद्याचे पुस्तक उघडून दाखवले. हा कायदा करणाऱ्याला मुले नसावीत. उरलेला वाटा, म्हणजे हवा, माझ्या मर्जीची आहे. ती कोणाला आणि का, हे नीट कळावे म्हणून आधी दोन स्लॅबची हकिगत देते.

कलम ३. पहिला स्लॅब

स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे मजुरी नसते. सगळी टेकडी माल वाहायचा आपापला पत्र्याचा डबा घेऊन येते. खाली फावड्यांनी माल कालवतात, माणसे भरलेला डबा खांद्यावर घेऊन एका फळीवरून वर चढतात, ओततात आणि दुसऱ्या फळीवरून उतरतात. सुरू केले की थांबायचे नाही, कारण एका दमात भरला नाही तर स्लॅबमध्ये सांधा राहतो आणि सांध्यातून पुढे जन्मभर पाणी झिरपते. घरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचे, आणि पुढे ज्याच्या घराचा स्लॅब असेल तिथे आपला डबा घेऊन हजर व्हायचे. शेवटी फुलांनी मढवलेला क्रूस वर रोवतात. त्याला पत्र्याची पट्टी असते आणि पट्टीवर नाव असते.

आमच्या तळमजल्यावरच्या पट्टीवर ‘एलेउतेरिओ मिस्त्री आणि कुटुंब’ असे होते. एलेउतेरिओ चांगला मिस्त्री होता, विशेषतः सकाळी. त्याने मालात पाणी कधी जास्त घातले नाही. पाण्याचा त्याला एकूणच कंटाळा होता. स्लॅबच्या दिवशी तो मधोमध उभा राहून शिट्टी वाजवत होता आणि मी डबे वाहत होते. योवाना तेव्हा पोटात होती. त्यामुळे पट्टीवरच्या ‘आणि कुटुंब’मध्ये आम्ही दोघी आलो, यात तक्रारीला जागा नाही.

तो गेल्यावर मी खाली शहरात मजुरीने डबे वाहिले. ज्या घरांचे स्लॅब मी भरले त्या घरांत मला कोणी पुढे खुर्ची दिली नाही, पण छप्परे अजून उभी आहेत. पोरांची शाळा, अमिल्कारचे कॉलेज, त्याचा पहिला कोट, हे सगळे माझ्या उजव्या खांद्यावरून गेले. त्या खांद्यावर बटाट्याएवढी गाठ आहे. ती कोणाच्या नावे करता येत नाही म्हणून बरोबर नेते.

कलम ४. दुसरा स्लॅब

वरच्या मजल्याचा स्लॅब अमिल्कारने भरवला. त्याचे लग्न ठरले होते आणि होणारे सासरे त्याच दिवशी घर बघायला येणार होते.

“आई, या वेळी डबे नकोत,” तो म्हणाला. “मी पंप लावतो. गाडी येते, नळी वर जाते, काम खलास.”

“आणि माणसं?”

“माणसं कशाला? चिखलानं माखलेली सगळी वस्ती, त्यांच्यासमोर. बरं दिसतं का ते?”

“मग जेवण कितीजणांचं करू?”

“करूच नकोस. हॉटेलातून मागवू, आपल्यापुरतं.”

ज्या टेकडीवर एखाद्या घरावर सळया दिसल्या की येता-जाता लोक ‘कधी?’ म्हणून विचारतात, तिथे त्याने दारोदार जाऊन सांगितले की येऊ नका. न येण्याचे आमंत्रण लोमा पेलादात पहिल्यांदाच निघाले. लोक आलेच. डबे उपडे टाकून त्यांच्यावर बसले आणि पायऱ्यांवरून बघू लागले. बघायला मनाई नव्हती.

गाडी आली, ती चर्चच्या वळणापर्यंत. त्यापुढचा रस्ता गाढवाच्या मापाने काढलेला आहे. वळणापासून नळीला नळी जोडत वर आणली. निम्मा स्लॅब सुरेख भरला. मग नळीला उचकी लागली आणि तिने तोंड मिटले. पंपवाल्यांनी तिला हातोडे मारले, तिच्या आईचा उद्धार केला, आणि शेवटी गाडीतला सगळा माल वळणावर रस्त्यात ओतून टाकला, कारण तो आत घट्ट झाला असता तर गाडी भंगारात गेली असती. म्हणजे माझा निम्मा स्लॅब घरावर आणि निम्मा रस्त्यात. अमिल्कार चकचकीत बुटांत उभा राहून कंपनीला फोन लावत होता. कंपनी त्याला गाणे ऐकवत होती.

मी डोक्याला चिंधी बांधली आणि तेओदुलोपुढे जाऊन उभी राहिले. भिंत बांधल्यापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते.

“डबा आहे?”

“आहे, वहिनी. बसलोय त्याच्यावर.”

“मग ऊठ.”

“पण मला तर येऊ नका म्हणून निरोप आलाय.”

“निरोप पोराचा. स्लॅब माझा आहे.”

मला वाटले आता भिंतीचा विषय काढतो. पण तो उठला, त्याने डबा सुलटा केला, आणि तो उठल्यावर सगळ्या पायऱ्या उठल्या.

रस्त्यातला माल आम्ही फावड्यांनी भरून वर नेला. वर जायची फळी पाहुण्यांच्या खुर्च्यांना लागून होती. माझ्या तोंडावर सिमेंट होते, खांद्यावर डबा होता. अमिल्कारचे सासरे सभ्य माणूस आहेत. त्यांनी कौतुकानेच विचारले, “या वयात एवढं ओझं घेऊन चढतेय. ही बाई कोण?”

“ती?” अमिल्कार म्हणाला. “मजुरांतली एक.”

मी थांबले नाही. फळीवर थांबता येत नाही, मागून माणसे येत असतात. वर गेले, डबा ओतला, दुसऱ्या फळीने उतरले आणि पुन्हा भरला. त्याने खोटे काही सांगितले नव्हते. मी मजुरांतलीच एक होते, आणि त्या फळीवर माझ्यापुढे आणि मागे चांगली माणसे होती. तरी मला फार लागले. अजून लागते.

स्लॅब त्याच दिवशी पुरा झाला. संध्याकाळी मला आंघोळ घालून, स्वच्छ झगा चढवून पाहुण्यांपुढे आणण्यात आले. ‘आईची तब्येत नरम होती, आत पडून होती,’ असे अमिल्कारने सांगितले. मी नरम चेहरा केला. डबे वाहणाऱ्यांना कोणी जेवा म्हटले नाही, कारण हॉटेलातले आपल्यापुरतेच आले होते. त्यांनी आपापले डबे धुतले आणि ते घरी गेले. ही लाज माझ्या घरावर अजून आहे. क्रूसावर पट्टी लागली: ‘श्री. अमिल्कार आयवार आणि कुटुंब.’ मी पुन्हा कुटुंबात.

स्लॅबच्या मधोमध सांधा राहिला. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की अमिल्कारच्या सोफ्यावर ठिबकते. तो म्हणतो, डब्यांचा भाग कच्चा आहे. तेओदुलो म्हणतो, पंपाचा भाग कच्चा आहे. पाणी दोन्हींच्या मधून येते. ते बँकेतही नाही आणि वस्तीतही नाही, त्यामुळे त्याला बाजू घ्यायची गरज पडत नाही.

कलम ५. हवा

अमिल्कारने गच्ची टेलिफोन कंपनीला मनोरा उभारायला द्यायचे तोंडी ठरवले आहे. त्यासाठी सळया मुळापासून कापाव्या लागतील. त्याने कटर आणून जिन्याखाली ठेवला आहे आणि त्याच्यावर चादर टाकली आहे, मला दिसू नये म्हणून. ती चादर रोज मीच झटकते. ‘आई, सळया म्हणजे गरिबाच्या घराला फुटलेली शिंगं,’ असे तो म्हणतो. असतील. पण बैलाची शिंगे कापली म्हणून तो घोडा होत नाही.

तरी मी ठरवते ते असे. सळया कापू नयेत आणि मनोरा येऊ नये. माझ्यामागे दोन वर्षांच्या आत गच्चीवर मजला चढवून त्याचा स्लॅब भरावा. पंप नको. सगळ्या टेकडीला बोलवावे, मागच्या वेळी ज्यांना उपाशी पाठवले त्यांना आधी. पतपेढीत माझे जे काही आहे ते या दिवसाच्या जेवणावर घालावे: सुकवलेल्या बटाट्यांचा रस्सा, डुकराचे मटण, मक्याची आंबवलेली दारू म्हणजे चिचा, आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्याला दुसऱ्यांदा. माझ्या अंत्यविधीला कॉफी पुरे.

हवा योवाना आणि अमिल्कार यांना निम्मी निम्मी, मात्र ज्याने-त्याने चर्चच्या वळणापासून गच्चीपर्यंत आपल्या खांद्यावर डबा वाहिला पाहिजे. डबा भरलेला असावा. फोटोपुरता नसावा. योवानाची मला काळजी नाही, ती सगळ्यांत आधी येऊन फावड्यासाठी भांडेल.

अमिल्कारने डबा वाहिला नाही तर त्याची निम्मी हवा वस्तीच्या सामुदायिक स्वयंपाकघराच्या बायांना जाईल. त्यांना जागा कमी पडते. गच्चीचा जिना अमिल्कारच्या दिवाणखान्यातून जातो, हे घर बांधताना एलेउतेरिओच्या लक्षात आले नव्हते आणि आज मला त्याबद्दल त्याचे प्रथमच आभार मानावेसे वाटतात. रोज सकाळी वस्तीतल्या बाया कांद्याची पोती आणि पातेली घेऊन त्या सोफ्यासमोरून वर जातील. पाहुण्यांपैकी कोणी ‘या बायका कोण?’ असे विचारलेच, तर उत्तर त्याच्याकडे तयार आहे.

नव्या क्रूसाच्या पट्टीवर डबा वाहणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. पट्टी मोठी करावी लागली तर करावी. ज्यांनी फक्त पैसे दिले त्यांना ‘आणि कुटुंब’मध्ये घ्यावे. मला तिथे दोन वेळा राहायचा अनुभव आहे, वाईट वागवत नाहीत.

माझे नाव पहिले असावे. अमिल्कारने डबा वाहिला तर त्याचे नाव माझ्या शेजारी असावे. मला हवे आहे ते एवढेच, बाकीची कलमे त्याच्या भोवतीचे बांधकाम आहे. तो दुष्ट नाही. आजारी पडले की औषध तोच आणतो. पण त्याला सिमेंटची लाज वाटते, आणि तो सिमेंटच्या छपराखाली झोपतो, सिमेंटने घेऊन दिलेला कोट घालून कामावर जातो. मी मेल्यावर तो रडेल हे मला माहीत आहे. माझ्यासाठी रडण्याआधी एकदा त्याने माझे काम खांद्यावर घेऊन बघावे, म्हणजे कोणासाठी रडतो आहे ते त्याला कळेल.

कलम ६. किरकोळ वस्तू आणि जुनी भांडणे

माझा डबा अमिल्कारला. चरबीचा जुना डबा आहे, लाकडी मूठ माझ्या हाताने झिजून माझ्याच मापाची झाली आहे. त्याला पहिल्यांदा टोचेल.

एलेउतेरिओची थापी आणि ओळंबा योवानाला.

हद्दीतली वीत तेओदुलोला. त्याची भिंत मला मान्य नाही आणि मेल्यावरही मान्य होणार नाही. पण ज्या दिवशी तो डब्यावरून उठला त्या दिवसाबद्दल ती वीत त्याला बक्षीस देते. बक्षीस, हक्क नव्हे. हा फरक योवानाने त्याला पायऱ्यांवर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवावा.

बाकी ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांना माफ करण्याइतका वेळ आज नाही. नोटरी साहेब आले.

शेरा

(नोटरींच्या सांगण्यावरून कारकून अनिबाल याने लिहिला.) वरील मजकूर लिहून देणार यांना वाचून दाखवला. त्यांनी तो बरोबर असल्याचे सांगितले. त्यानंतर नियमाप्रमाणे बोटांचे ठसे घेतले असता यंत्राने एकही बोट स्वीकारले नाही. शाईने घेतलेला ठसाही नुसता डाग उमटला, त्यात रेषा नाहीत. कारण विचारता त्या म्हणाल्या, “सिमेंटनं खाल्ले. टेकडीवरच्या छपरांत असतील, तिथं जाऊन बघा.”

साक्षीदार त्यांना ओळखत होते, परंतु नोटरींनी रक्ताचा माणूसही हजर करावा असे सांगितले. सबब खाली गाडीत थांबलेले त्यांचे चिरंजीव श्री. अमिल्कार यांना वर बोलावले. त्यांना मजकूर दाखवला किंवा सांगितला नाही.

नोटरींनी विचारले, “या बाई कोण?”

“माझी आई. मेल्चोरा पिल्याका.”

“यांच्या बोटांवर रेषा का नाहीत?”

श्री. अमिल्कार यांनी आईचा हात उलटा करून पाहिला. नोटरींनी प्रश्न पुन्हा विचारला.

“स्लॅबचे डबे वाहायची,” ते म्हणाले. “मी शिकत होतो तेव्हा रोज.”

“म्हणजे यांचा धंदा काय लिहायचा?”

“मजूर.”

ओळख पटली.

चिरंजीव खाली गेल्यावर, या जबाबामुळे कलम पाचमध्ये काही बदल करायचा आहे का, असे लिहून देणार यांना विचारले. त्यांनी आधी रुमाल मागितला, तो दिला. मग त्या म्हणाल्या, “नाही. डबा भरलेलाच हवा.”

स्थळ: लिमा
दिनांक: १७ ऑगस्ट २०१८

साक्षीदार:
१. सबिना ताइपे, धंदा: बस थांब्यावर सूप विकणे. सही.
२. होनोरातो लिमाचे, धंदा: विटा भाजणे. सही. याचाही ठसा उमटला नाही.

लिहून देणार:
मेल्चोरा पिल्याका सुल्का, मजुरांतली एक. सही.